सांगणकारांच्या वह्या

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त भांडायला आले आहे. जुने वाचक ओळखत असतील... कोणी पांढऱ्या साडीतली बाई लिहिली की खाली पहिली कमेंट माझी असायची : साक्षीदार द्या, पुरावा द्या, डॉक्टरांचा कागद द्या. चार-पाच जणांनी ब्लॉक केलंय, त्याचं दुःख नाही. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या गटात मी कॉलेजपासून आहे. पत्रकं लिहिते, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर वाटते. भूत, करणी, अंगात येणं – यातलं काही मी मानत नव्हते आणि आजही मानत नाही. तरी लिहितेय, कारण जे घडलं ते दिवसाढवळ्या, माझ्या स्वतःच्या फोनवर घडलं. साक्षीदार आहे, पुरावा आहे. डॉक्टरांचा कागद तेवढा नाही.

आधी सांगणकार कोण ते सांगते. त्यांच्याबद्दल तुम्ही काही ऐकलं असेल, तर बहुतेक खोटंच ऐकलं असेल.

देवगड तालुक्यात, जामसंडे ते कुणकेश्वर पट्ट्यातल्या दोन-तीन वाड्यांत हा पंथ होता. एका सुईणीने सुरू केलेला. मूर्ती नाही, गुरू नाही, गंडा-दोरा नाही, दक्षिणा नाही. महिन्यातून एकदा सकाळची कामं आटोपून कोणाच्या तरी पडवीत बसायचं. एकाने आपल्या हातून घडलेलं वाईट सांगायचं. दुसऱ्याने शेवटी एकच शब्द म्हणायचा – 'आयकलां', म्हणजे ऐकलं. तिसऱ्याने ते वहीत लिहायचं. सल्ला नाही, शिक्षा नाही, माफीसुद्धा नाही. आणि त्यानंतर त्या गोष्टीवरून त्या माणसाला कोणी कधी टोकायचं नाही. बस, एवढाच धर्म.

पण वहीत सांगणाऱ्याचं नाव येत नाही. ज्याचं वाईट केलं, त्याचं येतं. सगळा घात इथेच झाला. कोणीतरी चोरून वही उघडली, आत स्वतःचं नाव बघितलं आणि बोंब ठोकली – वहीवाले नावं लिहून करणी करतात! मग कोणाची गाय मेली, कोणाचं पोर तापाने फणफणलं, सगळं यांच्या माथी. विहीर बंद, मयताला खांदेकरी नाही, मुलींना स्थळ नाही. ज्या कागदाला करणी समजून लोक दगड घेऊन धावले, ती कोणाची तरी त्यांच्याविषयीची शरम होती. संताप येतो की नाही? मला येतो. दर वेळी येतो.

आणि आता माझं. पाच वर्षांपूर्वी बुवाबाजीविरुद्धच्या एका पत्रकात मी एक ओळ लिहिली होती – 'वहीत नावं लिहून गोरगरिबांना घाबरवणाऱ्या वहीवाल्यांपासून सावध!' खाली माझं नाव. पुरावा? एका रिक्षावाल्याने सांगितलं होतं. जगाकडे साक्षीदार मागणारी मी, रिक्षावाल्यावर भागवलं.

माझे डोळे उघडले ते इम्तियाजमुळे. तो आमच्याच गटातला, कसालला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एका गिऱ्हाईकाने त्याला वहीच्या पानाचा फोटो दाखवून विचारलं, "ह्यो करणीचो कागद काय रे?" इम्तियाजने तो मला पाठवला. पानावर लिहिलं होतं : 'गणपत. तेच्या शेताचो बांध मी हातभर सरकवलंय. पाच वर्सां झाली. तो माका अजून चाय पाजता.' खाली इम्तियाजचा मेसेज – 'ही बघ तुझी करणी. बांध सरकवलो म्हणान रडता कोणतरी.'

दुसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाईकाकडून पत्ता घेऊन आम्ही दोघं जामसंड्याला.

सुमतीआत्ये ही शेवटची सांगणकार. आत्ये सगळ्या वाडीची. ऐंशीच्या आसपास, ताठ, आणि ठार बहिरी. ती बोलायची, आम्ही पाटीवर खडूने लिहायचं. मी उत्साहात ओरडूनच बोलायला लागले, तर म्हणाली, "बोंबलू नको गो. माका काय आयकाक येवचा नाय, शेजारी मात्र म्हणतीत सून गावली वाटता."

मी पाटीवर लिहिलं, वह्या जपायला आलोय. फोटो काढू, सूची करू, चांगल्या जागी ठेवू. तिने शांतपणे पत्र्याची ट्रंक दाखवली. आत एक्केचाळीस पातळ वह्या, मध्ये मध्ये निरगुडीचा सुका पाला घातलेला. एका पानालाही कसर नव्हती! सरकारी कपाटांत फायलींचा भुगा झालेला मी बघितलाय. इथे एका बाईने पाल्याच्या जोरावर पिढ्यांचे कागद टिकवले होते.

"येत्या अवशेक मी ह्यो कुणकेश्वराच्या दर्यात सोडतलंय," ती म्हणाली.

मी पाटीवर एवढं मोठं 'का?' लिहिलं की खडू मोडला.

"आयकणारो नाय तर वह्यो कित्याक ठेवायच्यो? नेमच तसो आसा. माजे कान गेले. माज्या मागे कोण नाय. पोरां मुंबयत, तेंका लाज वाटता."

अवसेला आठ दिवस होते. मी हट्ट धरला – तोवर नक्कल तरी करू दे. ती कबूल झाली, पण अट घातली : "वही उघडलंस तर मोठ्यान वाचूची. मनात वाचूची नाय. आणि वाचून झाला की 'आयकलां' म्हणायचा."

पहिली अट मी मानली, कारण माझ्या सोयीची होती. फोनमध्ये व्हॉइस टायपिंग चालू करून वाचलं की मजकूर आपोआप टाइप होणार, शेजारी पानाचा फोटो. दुसरी अट साफ नाकारली. पाटीवर लिहिलं, 'मी कुठल्याच विधीत भाग घेत नाही. तत्त्व आहे.'

आत्येने पाटी वाचली आणि इम्तियाजला म्हणाली, "तत्त्वां बरी आसत हिची. पोटभर जेवता मा?"

काम सुरू झालं. पडवीत बसायचे, सकाळी दहा ते दुपारी एक. समोर आंब्याच्या पेट्या, गवत, मध्येच येणारा टेम्पो. फोनला मालवणी कुठून येणार? 'हाडलंय', म्हणजे आणलं, त्याचं 'हाडांना' आणि 'घोवाक', म्हणजे नवऱ्याला, त्याचं 'गोवा' करत होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी तपासायला बसले तेव्हा दिसलं – प्रत्येक नोंदीनंतर एक शब्द जास्तीचा होता. आयकलां. अनुस्वारासकट. जो फोन एक मालवणी शब्द धड लिहीत नव्हता, त्याने हा एकच शब्द दर वेळी बिनचूक लिहिला होता.

मी उच्चारलेला नव्हता. वहीत लिहिलेलाही नव्हता, फोटो तपासले. आत्ये तर वाचताना तोंड मिटून तांदूळ निवडत बसली होती.

मला वाटलं, आधीचं वाचून फोन अंदाज बांधतोय. दुसऱ्या दिवशी नेट बंद केलं. तरी आला. वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचला – नाही आला. माझं पत्रक वाचलं – नाही. आंब्याच्या पेटीवरचा पत्ता वाचला – नाही. वहीतली नोंद वाचली – आयकलां. तिसऱ्या दिवशी इम्तियाजला दुकान बंद करून बोलावलं. त्याने स्वतःचा, नुकताच रिसेट केलेला फोन आणला, स्वतः वाचलं, शेजारी वेगळा रेकॉर्डर लावला. रेकॉर्डिंगमध्ये इम्तियाजचा आवाज, कावळे आणि कोणाचा तरी मिक्सर... बाकी काही नाही. पण फोनच्या पडद्यावर, नोंद संपल्यावर दोन श्वास थांबून – आयकलां.

इम्तियाजने रेकॉर्डिंग पुन्हा एकदा ऐकलं. "मशीन बिघडूक नाय गो," तो म्हणाला. "मशिनीक जां आयकाक गावला, तां तेणां लिवलां."

"मूर्खासारखं बोलू नको."

"बरां. मगे तू शाण्यासारखां बोल."

आत्येला आम्ही यातलं काही दाखवलं नाही. वाटलं, बिचारीला चमत्कार वाटेल आणि उद्या या ट्रंकेसमोर नारळ फुटायला लागतील. ज्यांनी आयुष्यात कधी चमत्कार विकला नाही, त्यांच्या गळ्यात तो मी अडकवणार नव्हते.

सातव्या दिवशी शेवटची वही उरली. शेवटच्या पानावर अक्षर बदललं होतं, थरथरतं, आत्येचं स्वतःचं. पहिलाच शब्द होता – 'शलाका.'

माझं नाव.

खोटं कशाला सांगू... गेल्या महिन्यातला ताप आठवला. घाटात बंद पडलेली एसटी आठवली. दोन सेकंद, फार तर तीन, पण तेवढ्यात मी सगळा हिशेब जुळवून मोकळी झाले होते की म्हातारीने माझ्यावर काहीतरी केलंय. दगड घेऊन धावलेल्या माणसांना मी पत्रकातून अडाणी म्हणत आले. त्यांच्या आणि माझ्यात तीन सेकंदांचं अंतर होतं.

मग मोठ्याने वाचलं. 'शलाका. पत्रक लिवणारी. तिका मी खूप वायट बोललंय. तुजां तोंड जळो म्हटलंय. तिचां पत्रक पुरां वाचूच्या आदी चुलीत घातलंय. तेच्यात आणि काय काय बरां लिवलेलां आसात, माका म्हायत नाय.'

तिची ही नोंद कोणीच ऐकली नव्हती. लिहिली तेव्हा तिच्या घरात दुसरा माणूस नव्हता. तिनेच सांगितलं, तिनेच लिहिलं, आणि वही मिटली.

मी फोनकडे पाहिलं. मजकूर उमटला होता. त्यापुढे नुसती उभी रेघ लुकलुकत होती. दोन श्वास झाले. दहा झाले. इम्तियाजने हळूच म्हटलं, "थांब, येतला." आम्ही थांबलो. समोरच्या पेट्यांवर खिळे ठोकण्याचा आवाज थांबून परत सुरू झाला. काही आलं नाही. सहा दिवसांत एकदाही न चुकलेला शब्द आलाच नाही.

मान वर केली तर आत्ये माझ्याकडे बघत होती. तांदळाचं सूप मांडीवर तसंच, बोटं थांबलेली. मी कुठल्या पानावर आहे हे तिला माहीत होतं. सातही दिवस ती त्या पानाची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं.

तत्त्व वगैरे मला काही आठवलं नाही.

"आयकलां," मी म्हणाले.

तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण तिने माझ्या ओठांवरून तो शब्द उचलला आणि इतका मोठा सुस्कारा टाकला की सुपातला कोंडा उडाला. मग खास तिच्या फटकळ सुरात म्हणाली, "सात दिस लागले गो तुका एक शब्द काढूक! आता तुजां सांग."

मी माझ्या पत्रकातली ओळ सांगितली. रिक्षावाल्यासकट. आत्ये माझ्या तोंडाकडे बघत होती. इम्तियाजने ऐकलं, शब्द म्हटला, आणि आत्येच्या नावाने वहीत नोंद लिहिली. त्याचं मालवणी शुद्धलेखन भयंकर आहे.

अवसेला कुणकेश्वरला कोणी गेलं नाही. ट्रंक माझ्याकडे देताना आत्ये एवढंच म्हणाली, "आयकणारी गावली. आता दर्याक कित्याक त्रास देऊचो?"

मग मी नवं पत्रक काढलं. 'मी खोटं लिहिलं होतं' या मथळ्याचं, माझ्या पूर्ण नावानिशी, आणि त्याच एसटी स्टँडवर वाटलं. गटातल्या दोघांनी मला विचारलं, तू त्या पंथात गेलीस का? नाही गेले. मी त्यांचे कागद राखते. एक्केचाळीस वह्या आज जामसंड्यात एका कोरड्या खोलीत आहेत, प्रत्येकीला क्रमांक, सुती कापडाचं वेष्टन, आणि हो, निरगुडीचा पालासुद्धा, कारण त्याहून चांगलं औषध मला अजून मिळालेलं नाही. गावोगावची माणसं येतात. मागच्या महिन्यात एकाला आपल्या आजोबांचं नाव सापडलं. मग म्हणाला, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की वहीवाल्यांनी आजोबांवर करणी केली... आणि हे तर कोणीतरी त्यांची कोंबडी चोरल्याचं दुःख आहे! हसत होता, डोळे पुसत होता. असा संग्रह अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते. गुप्त खजिने, सिद्धी, चमत्कार यांच्या पोथ्या ढिगाने मिळतात. साध्या माणसांनी आपल्या चुका इतक्या निगुतीने जपून ठेवल्याचं मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

त्या सातव्या दिवसापासून फोनने तो शब्द एकदाही आपणहून लिहिलेला नाही. त्याच वह्या, तीच पानं, तोच फोन. आम्ही कितीदा तरी करून बघितलं. आधीच्या सहा दिवसांच्या फायली जशाच्या तशा ठेवल्यात. इम्तियाजने त्या फायली आपल्या दोन इंजिनिअर मित्रांना दाखवल्या; एकाने सॉफ्टवेअरची चूक म्हटलं, दुसरा म्हणाला अशी चूक होत नाही. तोवर कोण ऐकत होतं, शेवटच्या पानाला का थांबलं, आणि नंतर का उठून गेलं – माझ्याकडे उत्तर नाही. मला ही गोष्ट आवडत नाही, पण तसं आहे.

तुमच्यापैकी कोणाला उलगडा करायचा असेल तर जामसंड्याला जरूर या. शंका घेऊन या, भांडायला या, मी तेच करत आले आहे. फक्त एकटे येऊ नका. आमच्याकडे वही दोघांशिवाय उघडत नाही.