संध्याकाळी मापाला या

मापकाकांच्या मुलीचं पत्र आलं. बाबांच्या आठवणी ती एका वहीत गोळा करते आहे, तुम्हीही दोन पानं लिहा, असं तिने कळवलं. मी आठवडाभर कागद नुसता पुढ्यात घेऊन बसलो. बावीस वर्षं मी त्यांच्यापासून सात-आठ हातांवर बसत होतो, आणि लिहायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की मला त्यांच्याबद्दल धड काहीच माहीत नाही. त्यांचं घर मी पाहिलेलं नाही. ते चहात साखर घेत होते की नाही, तेही सांगता येणार नाही. जे पाहिलं तेवढं लिहितो. चुकलं असेल तर मुलीने सांभाळून घ्यावं.

ते चपला-बुटांच्या दुकानात विक्रेते होते. त्याच दुकानाच्या जिन्याखाली माझं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. त्यामुळे माझे डोळे घड्याळात आणि कान दुकानात. मापकाका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे फारसे बघत नसत. पायाकडे बघत आणि तिथूनच बोलायला लागत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर गोंधळून जात, मग नजर खाली गेली की म्हणत, "अच्छा, तुम्ही होय!"

त्यांचा एक नियम होता. सकाळी कुणी बूट घ्यायला आलं की ते सांगत, "संध्याकाळी मापाला या." दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे फुगतात, म्हणून सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. माप घ्यायचं ते पाय दमल्यावर, दोन्ही पायांचं, कारण दोन्ही अगदी सारखे नसतात, आणि बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडून. वर फुकटचे सल्ले. नखं सरळ कापा, कडा कोरू नका. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. क्रीम टाचेच्या भेगांना लावा, बेचक्यांत चोपडू नका. साखरेचा आजार असलेल्या माणसाला तर ते बूट घालण्याआधी आत हात फिरवायला लावत, कारण आत खडा असला तरी त्याच्या पायाला कळत नाही. एक मास्तर घरी ब्लेडने कुरूप कापतात हे ऐकल्यावर त्यांनी मास्तरांना असं झापलं, की ते बूट न घेता सरळ डॉक्टरकडे गेले.

मीही सुटलो नाही. उंच स्टुलावर दिवसभर माझे पाय लोंबकळत असत. एकदा ते एक लाकडी खोकं घेऊन आले, माझ्या पायांखाली सरकवलं आणि म्हणाले, "स्वतःचे घोटे बघितलेत का कधी, घड्याळवाले? पावासारखे झालेत." मला इतकं लाजल्यासारखं झालं की आभार मानायचे राहूनच गेले.

मोठ्या मालकांना या सगळ्याची गंमत वाटायची. मग दुकान धाकट्या मालकांकडे आलं. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. संध्याकाळी या म्हटलेली निम्मी माणसं समोरच्या दुकानात शिरायची. एके दिवशी त्यांनी काकांना बाजूला घेतलं, म्हणजे माझ्याच टेबलाशी आणलं, आणि सांगितलं की आता एक जरी तक्रार आली तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका. काकांची साठी जवळ आली होती आणि मुलीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. (म्हणजे तुझंच, बाई.) मालक गेल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "गुडघे अजून वाकतात हो. पण दुसरीकडे कुठे नेऊन वाकवू?" मी भिंग पुसत बसलो.

त्याच आठवड्यात जवळच्या इस्पितळातल्या मेट्रन बाई सकाळी नऊला आल्या. आधी स्वतःला एक जोड, तो बरा निघाला तर आपल्या तीस नर्सना तसेच, असं त्यांनी सांगितलं. धाकट्या मालकांनी स्वतः खुर्ची पुढे केली. आणि मापकाका म्हणाले, "संध्याकाळी मापाला या." मालकांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण कानाची पाळी लाल झालेली दिसली.

बाई मात्र शब्दाच्या पक्क्या. संध्याकाळी सहाला हजर झाल्या. काकांनी पाऊण तास घालवून माप घेतलं, दोनदा चालवून बघितलं आणि जोड दिला.

पाचव्या दिवशी सकाळी त्या लंगडत आल्या. टाचेला फोड, अंगठ्याचं नख काळंनिळं. त्यांचा आवाज जिन्याच्या वरपर्यंत गेला असेल. "संध्याकाळी बोलावून हे दिलंत मला?" धाकटे मालक गल्ल्यामागून उठले. मला वाटलं, झालं, संपलं.

काका खाली बसले. त्यांनी बाईंचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "बाई, तुम्ही झोपता कधी?"

बाई खवळल्या. हा कसला प्रश्न, रात्रपाळी असते, सकाळी दहाला झोपते, चारला उठते, असं त्यांनी सुनावलं.

मापकाका आहेत तिथेच जमिनीवर बसून राहिले. "म्हणजे सकाळी आलात तेव्हा तुमचे पाय रात्रभर उभे होते. तेव्हाच माप घ्यायला हवं होतं, आणि मी परत पाठवलं. संध्याकाळी आलात त्या ताज्या पायांनी." मग मालकांकडे वळून ते म्हणाले, "चूक माझी आहे. बुटांची नाही, बाईंची नाही. तुम्ही बोलला होतात तसं करा."

मालकांनी तोंड उघडलं, पण बाईंना हसू फुटलं होतं. फोडाचा पाय तसाच काकांच्या हातात, आणि त्या हसत होत्या. "माझ्या वॉर्डात एवढ्या चटकन कुणी चूक कबूल केली तर मी रजा टाकून झोपेन," त्या म्हणाल्या. मग मालकांना त्यांनी बजावलं की तीस जोड इथूनच घेणार, पण माप हेच गृहस्थ घेतील, आणि तेही सकाळी आठला, ड्यूटी सुटल्यावर. मालकांनी काकांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "आठला उघडतो," ते म्हणाले. पुढच्या महिन्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

ते चार दिवस मी विसरणार नाही. सकाळी आठला दुकानभर नर्स, सगळ्यांच्या चपला दाराशी, कुणी बाकावर, कुणी जमिनीवर, एक तर माझ्या स्टुलावर. काका या पायाकडून त्या पायाकडे गुडघ्यांवरच सरकत होते. एकीने विचारलं, "काका, माझे पाय सुंदर आहेत की नाही?" तर म्हणाले, "सुंदर आहेत, फक्त मोजे बदला, इलास्टिकचा वळ उठलाय." अख्खं दुकान हसलं. धाकटे मालक शिडीवर चढून खोकी काढत होते आणि चक्क शीळ घालत होते.

त्यानंतर काकांनी "संध्याकाळी या" सोडलं. ते विचारायचे, "आज उठलात कधी, आणि किती वेळ उभे आहात?" काहींना राग यायचा. एकाने तर विचारलं, तुम्ही माझे सासरे आहात का? पण बसायचा तोही.

पुढे सहा वर्षं ते होते. मग मुलीकडे राहायला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी ते पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. आत धाकटे मालक एका आजींसमोर गुडघ्यावर बसून माप घेत होते. काका वाकून वाकून बघत होते.

"दुसऱ्या पायाचंही घेतोय ना तो?"

मी मान लांब करून बघितलं. "घेतोय."

"बरं. किती वाजले? बस साडेपाचची आहे."

"कुठल्या घड्याळात बघू? इथे चाळीस आहेत."

"बहुमत काय म्हणतंय?"

"पाच वाजून दहा."

"मग निघतो."

"निघा," मी म्हणालो.