गव्हाणीतल्या गोळ्या

आमच्या टेंभुर्णीत झुंबरबाईला ओळखत नाही असं घर नाही. नवरा गेला तेव्हा ती पस्तिशीची होती. माहेरची माणसं न्यायला आली, ती गेली नाही. म्हातारे सासरे रखमाजी, थोडं रान आणि पाखऱ्या नावाचा एक बैल, एवढा संसार तिनं मान ताठ ठेवून ओढला.

दोन हजार पंधराच्या सुमारास रखमाजी विसरायला लागले. आधी वार गेले, मग माणसांची नावं गेली. रानाची वाट तेवढी पायांना पाठ राहिली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. झुंबरबाई ती त्यांच्या हातावर ठेवून रानात जाई. म्हातारा "घेतो" म्हणे, आणि तरी घेरी येऊन पडे.

दुसऱ्यांदा पडले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा काकासाहेब आला. तो जालन्यात कचेरीत नोकरीला, राहायला तिथल्याच मस्तगड भागात.

"वैनी, दादांना मी घेऊन जातो. तिथं दार तरी लावून ठेवता येईल."

"दार लावून वासरू ऱ्हात न्हाई भाऊजी, हे तर मानूस हाय."

"मंग गोळ्या बराबर कोण देणार?"

"पोळ्यापर्यंत थांबा. न्हाई जमलं तर न्या."

काकासाहेबानं आपला जुना मोबाइल गोळीच्या वेळेची घंटी लावून घरात ठेवला. घंटी वाजली की रखमाजी त्याच्यावर पाटी पालथी घालत.

"कुनाचं कोंबडं वरडून राह्यलंय?" ते म्हणत. "धन्याला देऊन ये."

पोळा जवळ आला. गोठा झाडताना झुंबरबाईला गव्हाणीत, कडब्याच्या चुऱ्याखाली, पांढऱ्या गोळ्या सापडल्या.

"मामा, ह्या इथं कशा?"

"त्याच्या वाट्याच्या. त्याच्या आधी म्या कसा खाऊ?"

"पन त्यानं तर खाल्ल्या न्हाईत."

"मंग म्या बी न्हाई खाल्ल्या."

झुंबरबाई गव्हाणीच्या काठावर बसून हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. जनावराच्या आधी माणसानं तोंडात घास घालू नये, ही आमच्याकडची रीत. पोटच्या पोराचं नाव विसरलेला माणूस ती विसरला नव्हता.

त्याच दिवशी ती पिठाच्या गिरणीवर गेली. गिरणीवाल्या गजाननला मोबाइलचं कळायचं. त्याला तिनं गोठ्यात आणलं, पाखऱ्याची घुंगरमाळ हलवली आणि तो आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. घंटीच्या जागी आता घुंगरं वाजणार होती. मोबाइल गोठ्याच्या खुंटीला टांगला. खाली पेंडीची वाटी, वाटीशेजारी डबीत एकच गोळी. बाकीच्या तिच्या पेटीत.

संध्याकाळी खुंटीवर घुंगरं वाजली. रखमाजी उठले, पाखऱ्यापुढं पेंड टाकली, त्याचं तोंड हलेपर्यंत थांबले. मग गोळी तोंडात टाकून तांब्याभर पाणी प्याले.

पोळ्याला काकासाहेब जीप घेऊनच आला. रंगवलेल्या शिंगांचा पाखऱ्या गावातून मिरवून आला होता. ओसरीवर ताट वाढलं. काकासाहेब पुरणपोळी मोडणार, तोच गोठ्यात घुंगरं वाजली.

"पाव्हणं, थांबा," रखमाजी उठत म्हणाले. "आधी त्याचं होऊ द्या."

पोटच्या पोराला बाप पाव्हणा म्हणाला. काकासाहेबाचा हात ताटातच राहिला. मग तोही बापाच्या मागं गोठ्याकडं गेला. बैलाला पोळी, मग बापाच्या तोंडात गोळी, हे त्यानं दारात उभं राहून पाहिलं.

"आता जेवा," रखमाजी म्हणाले. "बिलकुल लाजू नका."

जेवण झाल्यावर त्यानं जीपवाल्याला सांगितलं, दादा येणार नाहीत.

"वैनी, पुढच्या महिन्याच्या गोळ्या मी आणून देतो."

"आना," झुंबरबाई ताट उचलत म्हणाली. "अन् पेंड बी आना. तिच्याबिगर गोळी उतरत न्हाई."