वर्षाच्या आतला नारळ

सन दोन हजार चोवीस. माझं वय तवा एकाहत्तर, आई सांगायची त्या हिशेबानं. कागदावर वेगळं आहे, पण कागदाला मी कधी विचारत बसलो न्हाय. शाळा दुसरीपर्यंत झाली, पुढं ढोरामागं गेलो. अक्षर लागतं तेवढ्यावर हे लिहितोय.

त्या साली चैत्री पुनवेच्या यात्रेत माझा थोरला पोरगा गेला. पोलिसात हवालदार होता. बंदोबस्तावर रस्त्यानं चालणाऱ्या माणसांना कडेला घेत होता, तेवढ्यात मागून भरलेला टेम्पो आला. एका म्हातारीला पोरानं बाजूला ढकललं, ती वाचली. ती कोण, कुठली, आम्हाला अजून कळलं न्हाय. कधी कधी वाटतं बरं झालं कळलं न्हाय ते.

खात्यानं काही कमी केलं न्हाय, हे आधी सांगतो. वाशीच्या बाजूला आमचं गाव, तिथवर साहेब लोक मातीला आले, हवेत बंदुका उडवल्या. धाराशिवात पोलीस लाईनीत पोराला खोली होती. तेराव्यानंतर सून तिच्या पोरीला घेऊन तिकडं परत गेली, तर शेजारच्या पोलिसांच्या बायकांनी बरेच दिवस तिला चूल पेटवू दिली न्हाय. पेन्शनचं, विम्याचं खात्यातल्या माणसांनी दारात येऊन समजावलं. अनुकंपाच्या नोकरीसाठी तिचं नाव घातलं, नंबर लागायचा होता. हे सगळं तिनंच बघितलं. मी त्यात पडलो न्हाय. जन्मात कुणापुढं हात पसरला न्हाय, आन पोराच्या जिवाच्या बदल्यात आलेलं म्हणलं की हात आपोआप मागं यायचा. गावात म्हणायचे, म्हातारा अजून तोऱ्यात हाय. म्हणू दे.

ऑक्टोबरात पोलिसांचा स्मृतिदिन असतो. ड्युटीवर गेलेल्यांच्या घरच्यांना मैदानावर बोलावतेत. वाशीच्या ठाण्यातला एक पोलीस सांगावा घेऊन आमच्या शेतात आला. सोयाबीनची रास चालू होती. मी मळणीयंत्र बंद करायला लावलं आन त्याला झाडाखाली बसवलं. म्हणलं, येतो, सलामीला उभा राहतो, पण शाल-नारळ देऊ नका.

आमच्या भावकीत माणूस गेलं की वर्ष पाळतेत. वर्षश्राद्ध होईस्तोवर घरात नवं कापड न्हाय, गळ्यात हार न्हाय, आन मानाचा नारळ तर हातातच घ्यायचा न्हाय. नारळ घेतला म्हणजे दुःख फिटलं असं धरतेत. आज्याच्या वर्षात माझ्या बापानं सख्ख्या मेव्हण्याचा आहेर दारातून परत केला होता, मग दोन्ही घरं कितीतरी साल बोलत नव्हती. पोलीस म्हणाला, सांगतो साहेबांना. तो सांगायचा न्हाय हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. उगं कशाला साहेबाच्या कानावर घालायचं, असं त्याला वाटलं असणार. त्याचंही बरोबर हाय.

मी आदल्या दिवशीच यष्टीनं धाराशिवला गेलो. सकाळी मैदानाकडं जाताना सून म्हणाली, "मामा, आज साहेब समोर येतेत. मला जरा बोलायचंय त्यांच्यासंगं." आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतेत. मी म्हणलं, बोल की. काय बोलायचंय हे काही मी विचारलं न्हाय. माझ्या डोक्यात नारळच होता.

मैदानावर पोलिसांची रांग, बिगुल, समोर दगडी खांब. त्या वर्षात देशभरात गेलेल्यांची नावं एकानं वाचायला घेतली. लई नावं होती. ओळखीचं एक न्हाय, तरी मी प्रत्येकाला कान देत होतो. मग आमचं आलं. माझंही नाव त्यात, बापाचं म्हणून. लाउडस्पीकरमधून कुणी परकं माणूस आपलं नाव तसं घेतं तवा आपण जिवंत हाव का न्हाय तेच कळत न्हाय.

नंतर मांडवात आम्हाला खुर्च्या दिल्या. मोठे साहेब आन त्यांच्या मागं शाली, साड्या, नारळ धरून पोलीस. साहेब प्रत्येक खुर्चीपुढं वाकून विचारायचे, काही अडचण आहे का. शेजारी एक म्हातारी होती, तिचाही पोरगा गेलेला. ती साहेबांसंगं बराच वेळ बोलली. मग आमच्यापुढं आले. मी हात जोडले आन सांगितलं, साहेब, वर्ष झालेलं न्हाय, आमच्यात घेत न्हायत. साहेब शांत माणूस. म्हणाले, बाबा, हा तुमच्या मुलाचा मान आहे. तेवढ्यात मागच्यानं माझ्या खांद्यावर शाल टाकली. त्याला काय ठाव. मी ती काढली, नीट घडी घातली आन खुर्चीवर ठेवून उठलो.

शेजारची म्हातारी हळूच बोलली, "आवं आजोबा, रुसायला ही काय लग्नाची पंगत हाय व्हय?"

ते मला लागलं. सुनेला म्हणलं, चल. ती उठली. सासरा उठल्यावर सुनेनं बसून राहायचं न्हाय, ही आमच्याच घरची शिकवण, माझ्या बायकोनं तिला दिलेली. तिनं एकदा साहेबांकडं बघितलं. साहेब घटकाभर थांबले, मग पुढच्या खुर्चीकडं गेले.

खोलीवर आल्यावर तिनं भाकरी थापल्या, मला वाढलं. मग फडताळातली भांडी काढून पोत्यात भरायला लागली. माझा घास हातातच राहिला. मी म्हणलं, हे काय काढलं?

"दिवाळीनंतर खोली सोडायची हाय, मामा. तेवढीच मुदत दिलीय. पोरीची दहावी होईस्तोवर राहू द्या, एवढं साहेबांना म्हणायचं होतं."

"मग म्हणायचं होतं की."

"तुम्ही उठलाव."

मी म्हणलं, अर्ज दे. म्हणाली, दिलाय, पडून हाय. शेजारच्या हवालदाराच्या बायकोनं तिला सांगितलं होतं की स्मृतिदिनाला साहेब स्वतः विचारतेत, तवा तोंडानं सांग, त्यांनी तिथंच कुणाला सांगितलं तर काम होतं. म्हणून ती सकाळपासून मनात घोकत होती. मी म्हणलं, मग गावाकडं चला, घर काय पडलंय का? ती म्हणाली, गावात शाळा आठवीपर्यंत हाय. हे मला ठाव नव्हतं असं न्हाय. मी बोलायचं म्हणून बोललो.

भांडी भरताना ती रडली न्हाय. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

आता लोक मला विचारतेत, तर सांगतो. तसा दिवस परत आला तरी नारळ मी घेणार न्हाय. माझ्या पोराचं दुःख सहा महिन्यांत फिटलं असं चार माणसांपुढं मी कबूल करणार न्हाय, मग समोर कुणीही असो. पण नको म्हणायला हात जोडले ते पुरत होतं. उठायची काय गरज होती? उठलोच होतो तर एकटं बाहेर जायचं, बाहेर लिंबाखाली थांबायचं. ती तिचं बोलून आली असती. तिचा नवरा गेलाय, तिची पोर शिकतेय, आन मी माझ्या बापाची रीत घेऊन मधी उभा राहिलो.

खोली शेवटी गेलीच. ती दुसऱ्या एका पोलिसाला मिळायची ठरली होती, त्यालाही लेकरंबाळं. कुणाला बोल लावावा? सुनेनं धाराशिवच्याच बाहेरच्या नव्या वस्तीत भाड्यानं खोली घेतली, वर पत्रा. परीक्षेच्या दिवसांत तो असा तापायचा की पोर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचत बसायची. दहावी झाली. चांगली झाली म्हणतेत. पण तिच्या बापानं तिला अभ्यासाला म्हणून खिडकीशी फळी ठोकून दिली होती, ती लाईनीतल्या भिंतीलाच राहिली. मिस्त्री म्हणाला, काढली तर मोडेल.

हे नंतरचं. त्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आन सुनेला म्हणलं, चल, साहेबांच्या हापिसात जाऊ. गेलो तर साहेब दौऱ्यावर, आठवडाभर यायचे न्हायत. खालच्या साहेबांना भेटा, असं तिथले लोक म्हणाले. त्यांच्या दारावरच्या शिपायानं मलाच पुढं घातलं, म्हणाला, बाबा, काय काम काढलं? मी म्हणलं, काम तिचं हाय, तिला विचारा. तिला आत पाठवलं आन मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो.