शाफ्टच्या पोटातला ताण

वाकलेला शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, सरळ करणं हे माझं काम. चौथीत शाळा सोडली, खानदेशातून सुरतेला आलो आणि इच्छापोरच्या कारखान्यात गॅसच्या ज्योतीपुढे उभा राहिलो, तो अजून उभाच आहे. फुगलेल्या बाजूला नेमक्या जागी लोखंड लाल करायचं आणि सावकाश निवू द्यायचं. आकसताना ते आपलं आपण सरळ होतं. मला हे कोणी शिकवलं नाही. बघून शिकलो.

गेल्या वर्षी उसाच्या चरकाचा शाफ्ट आला. सरळ केला. शेठ म्हणाले, "तापवून-निववून आत ताण राहतो, तो भट्टीत घालून काढायचा का?"

"माझ्या शाफ्टला भट्टी लागत नाही," मी म्हणालो.

गिऱ्हाइकाला पटेना. त्याने एक्स-रेचं मशीन देऊन एक बाई पाठवल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.

"बाई, शाफ्ट सरळ आहे. फोटो कशाला?"

"फोटो नाही काका. लोखंडात कणांचे थर असतात. ताण असला की थरांमधलं अंतर बदलतं. परत फिरलेले किरण हा डिटेक्टर पकडतो, त्यावरून ते कळतं."

"अंतर किती? केसाएवढं?"

"केस फार जाडा झाला, काका."

शेठ हसले. "काका, तुमचा केसपण फेल!"

दोरी बांधून आम्हाला लांब उभं केलं. ज्योतीचे चार डाग दिसत होते, चारही ठिकाणी ताण नावालाच निघाला. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाई पेटी बंद करू लागल्या.

पाचवी जागा फक्त मला माहीत होती. चाक घट्ट बसवायची चावी ठोकतात त्या खाचेजवळ, डाग घासून गेलेला. तिथे लवकर निवावं म्हणून मी पाणी ओतलं होतं. दुसऱ्या कोणी ओतलं असतं तर मी त्याला हाकलला असता. पण त्या दिवशी गुडघे फार दुखत होते आणि बसायचं म्हणून घाई केली.

खरं सांगतो, आधी मनात आलं ते हेच, की गप्प बस, जिंकलास. मग चरकाशी उभी राहणारी माणसं डोळ्यांपुढे आली. खडू घेतला, गोल काढला.

"इथे लावा."

बाईंनी आकडा दोनदा बघितला. "काका, इथे फार ओढ आहे. तडा इथूनच जाईल. तुम्हाला कसं कळलं?"

"पाणी मी ओतलं होतं."

सगळे ऐकत होते. शेठ चिडले, "अरे, तुम्हाला विचारलं कोणी होतं?"

"कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी शाफ्ट भट्टीत गेला. चढवताना मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.