पट्टेवाल्यांतला एक नंबर

चेंडू खळग्यात पडला की तो मोठ्यानं म्हणायचा, "बसा, एक सीट." दुसरा पडला की, "सरकून घ्या, दोन सीट." शेवटचा काळा घालताना टेबलाच्या लाकडावर बोटं वाजवायचा. "चला, सुटली गाडी." सेनगाव-हिंगोली जीप चालवायचा तो, आणि टेबलावर पूल खेळतानाही त्याची जीपच भरत असायची. समोरचा हसायचा, आणि हसता हसता हरायचा.

आमच्या पूलच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात बक्षिसाची स्पर्धा होते. पंच मी, सोडतीची पिशवी धरणाराही मीच. आदल्या वर्षीच्या खेळावरून आठ जणांना नंबर मिळतात. उरलेले आठ, आमच्याकडे त्यांना पट्टेवाले म्हणतात, पिशवीत हात घालून चेंडू काढतात: सात पट्ट्यांचे, एक पांढरा. पांढरा ज्याच्या हाती येईल त्याचा पहिलाच सामना एक नंबरशी. म्हणून पांढरा कुणालाच नको असतो.

एका वर्षी तो बिननंबरी आला आणि हॉलमालकांच्या पुतण्याला हरवून स्पर्धाच जिंकला. पुढच्या वर्षी एक नंबर त्याचा, यात दोन मतं असायचं कारण नव्हतं. पण मालक म्हणाले, "ब्यानर छापून झालं. पुतण्याचा फोटो हाय वर. जीपवाल्याला काहून पाहिजे नंबर?"

मी नंबर वाचून दाखवले. एकवर पुतण्या. जीपवाल्याचं नाव आठातसुद्धा नव्हतं. मालकांशी वाकडं घ्यायचं नव्हतं, एवढंच माझं कारण. याहून मोठं असतं तर सांगताना जरा बरं वाटलं असतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काई तकलीफ न्हाई, भाऊ." मग सगळ्यांच्या आधी पुढे होऊन पिशवीत हात घातला, थोडं चाचपलं आणि पांढरा बाहेर काढला. लोक हळहळले. संध्याकाळी त्यानं पुतण्याला असा झोडपला की त्या पोराला धड स्टिक लावायलाही मिळाली नाही. "सुटली गाडी," म्हणून तो गेला. दुसऱ्या फेरीला आलाच नाही.

पुढच्या वर्षी ब्यानरवर पुन्हा पुतण्याच. पिशवीतून याला पुन्हा पांढरा. पुन्हा तीच धुलाई आणि दुसऱ्या दिवशी हा गायब. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. लोक त्याच्या नशिबाला हसायचे. पुतण्या मात्र सोडतीच्या दिवशी पाणी पीत बसायचा.

न राहवून मी जीपस्टँडवर गेलो. तो टपावर सोयाबीनची पोती बांधत होता.

"फायनल मारशील की रे. काहून सोडून देतोस?"

"मारली व्हती की एकदा." दोरी दातात धरूनच बोलला. "काय केलं तुमी त्याचं?"

"आणि पांढरा दर वर्षी तुलाच कसा येतो?" मी विषय बदलला. तो खाली उतरला, हात झटकले.

"भाऊ, तुमचं टेबल जुनं, नाणं टाकायचं. पांढरा खाली पडला तर वेगळ्या वाटेनं परत यावा म्हणून जरा मोठा असतो. हाताला कळते. तुमी इतके वर्षं पिशवी धरून राहिले, तुमाला न्हाई कळलं?"

म्हणजे नशीब वगैरे काही नव्हतं. तो दर वर्षी पुतण्याला निवडून घेत होता.

अखेर मालकच वाकले. "यंदा एक नंबर तुलाच देतो बाबा."

"नको मालक. पट्टेवाल्यांतच बरा हाय मी." हे म्हणताना तो फार गोड हसला. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही मान खाली घातली असती.

मागच्या स्पर्धेला तो आला नाही. काविळीनं गेल्याचं जीपवाल्यांनी सांगितलं. ते ऐकून पुतण्या म्हणाला, "बला टळली." आणि स्पर्धा जिंकून हार घालून फिरला. ते दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

यंदा मालकांनी नवं टेबल आणलं. चेंडू सगळे एका मापाचे. जुना पांढरा मात्र मी घरी नेऊन ठेवला होता. परवाच्या सोडतीत नव्याच्या जागी तोच पिशवीत टाकला. हट्टा गावचे एक मास्तर आहेत, बिननंबरी. सरावात त्यांनी पुतण्याला दोनदा रडवलंय. त्यांना आदल्या दिवशी चहा पाजून सगळं सांगितलं होतं. हे न्याय्य नाही, मला ठाऊक आहे. न्याय्य होतं ते वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली होती, तेव्हा मी दुसरंच वाचलं.

मास्तर सगळ्यांच्या आधी पुढे आले. त्यांचा हात पिशवीत फिरत राहिला. पुतण्या ग्लास तोंडाला लावून माझ्याकडे पाहत होता.

"काहून उशीर लावून राहिले?" मालक वैतागले.

मी पिशवीचं तोंड आणखी थोडं उघडलं.

"सीट भरू द्या," म्हणालो. पुतण्याच्या हातातला ग्लास तसाच थांबला.