आत घेतलेल्या बाह्या

"खुब्याचं हाड बसवलंय काका, पण त्याला आधार द्यायला मांसच उरलेलं नाही," ऑपरेशननंतर तो तरुण डॉक्टर बाहेरच्या बाकाशी येऊन म्हणाला. मी त्याच्याशी वाद घालायला निघालो. म्हटलं, "अहो, हिचं वजन वीस वर्षांत किलोभर हललेलं नाही." न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि सुलभा, माझी बायको, पुन्हा उभी राहिलीच नाही. तीन आठवडे अंथरूण, मग छातीत कफ, मग... परवा महिना झाला.

तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा माझी ढेरी माझ्याआधी घरात शिरायची. लेकीने हट्टाने पनवेलच्या एका जिममध्ये माझं नाव घातलं. तिथल्या यंत्रावर अनवाणी उभं राहिलं की अंगात चरबी किती, स्नायू किती, सगळं कागदावर छापून यायचं. त्या कागदाचं मला वेडच लागलं. वयाबरोबर स्नायू झडतात, त्यांना रोज प्रोटीन लागतं आणि थोडं वजन उचलणंही लागतं, नुसत्या भात-पोळीवर राहिलं की स्नायूंच्या जागी चरबी येते आणि काट्यावर आकडा तोच दिसतो, हे मी सोसायटीत भेटेल त्याला ऐकवायचो. सुलभाने ओट्यावर छोटा वजनकाटा आणून ठेवला. माझं पनीर, माझं चिकन, माझी मासळी मोजून ताटात पडायची. ती शेवटी बसायची. भात, कालवण, उरलाच तर शेपटीकडचा तुकडा. मी समोरच असायचो, कागद वाचत.

उरणहून मासळी घेऊन येणाऱ्या जनाबाईला मात्र दिसत होतं. एकदा दारातच ती म्हणाली, "वयनी, सगली मासली सायबांना, नि तुमी काय नुसतं कालवन खाता? एक तुकडा सोताला ठेवीत जा." सुलभा हसली. "मला रस्साच आवडतो गं." मी आतून ओरडलो, "हिला काय धाड भरलीय, चांगली भरलेली आहे!" तिचं पोट सुटलं होतं, तेवढंच मी पाहिलं होतं.

गेल्या हिवाळ्यात जिमच्या मंडळींबरोबर मी कर्नाळा चढून आलो. ही खाली अभयारण्यातल्या बाकावर बसून राहिली होती. परतताना तिला उठायला दोन्ही हात टेकावे लागले. "काय सुलभाबाई, म्हातारपण आलं वाटतं!" मी सगळ्यांसमोर म्हणालो. "तुम्ही तरुण झालात ना, घरात एक पुरे," ती म्हणाली. सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्याने.

गेल्या आठवड्यात लेकीने सुलभाचं कपाट आवरायला काढलं. ब्लाउजच्या घड्या घालताना तिने एक उलटा करून माझ्या हातात दिला. कंबरेची शिलाई उसवून आतलं होतं नव्हतं तेवढं कापड सोडलेलं. आणि बाह्यांना आतून एक टीप, तिच्या आत दुसरी. दुसरा ब्लाउज बघितला, तोही तसाच. सगळेच तसे... बाहेरच्या खोलीत मी माझा कागद वाचायचो तेव्हा आत तिचं मशीन चालायचं. एकदा मी विचारलंही होतं, "सारखं काय शिवतेस?" "काही नाही हो, बाह्या सैल होतायत."

"मग बरंच आहे की, बारीक होतेयस!" असं मी म्हणालो. मी. साऱ्या सोसायटीला चरबी आणि स्नायू समजावून सांगणारा. माझ्या डोळ्यांदेखत ती झिजली आणि मी तिचं कौतुक केलं. याला माफी नाही, आणि मागायची तरी कुणाकडे?

लेक म्हणाली, बाबा, हे देऊन टाकू. बाकीचे तिने नेले. एक मी नेऊ दिला नाही. तो मशीनवरच आहे, सुलभाने ठेवला तसाच, सुईखाली. एका बाहीला तिसरी टीप घालून झालीय, दुसरीला घालायची राहिलीय.