म्हसोबापुढच्या किल्ल्या

धाडच्या पंचफुलाबाईंच्या हातचे रोडगे खायचे, तर आधी गाडीची किल्ली काढून द्यायची, हे आसपासच्या पोरापोरींना पाठ झालं होतं. कुणाच्या शेतात पार्टी ठरली की भट्टीवर त्याच लागत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. पिऊन कुणी तिकडे भरकटू नये म्हणून आल्या आल्या त्या विहिरीच्या वाटेवर खाट आडवी टाकत. मग किल्ल्या गोळा करून बांधावरच्या म्हसोबाच्या दगडापुढे मांडत.

"पह्यला रोडगा देवाले, मंग जेवण, मंग किल्ली."

जेवणं होईतो कोण शुद्धीत आहे आणि कोण नाही, ते त्यांना बरोबर दिसे.

परीक्षा संपल्यावर भगवानरावांच्या सोहमनं मळ्यात पार्टी दिली. त्याची वर्गमैत्रीण स्वरदा बुलढाण्याहून आलेली. तिला सहाच्या आत घरी पोचायचं होतं. चार वाजता सोहम तिला घेऊन भट्टीशी आला. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे तो आणि त्याचा मित्र कुशल काय करत होते, हे त्याच्या तांबारलेल्या डोळ्यांवरून कळत होतं.

"काकू, माही किल्ली. हिले सोडून येतो."

"देवाले रोडगा चढला नाही अजून."

"मंग चढवा ना!"

"कच्चा चढवू काय बे? तुले एवढी घाई असंन तर उचल. मी काई हात धरत नाही."

सोहम तरातरा दगडापर्यंत गेला. पोरगा खरंच वाकला, तर त्याला अडवायला पंचफुलाबाईंकडे दुसरं काहीच नव्हतं.

"काऊन थांबला बे? भ्याला काय?" कुशल खिदळला.

"तूच उचल मंग."

कुशलचं हसू विरलं. दोघंही शेंदरी दगडाकडे बघत उभे राहिले.

पंचफुलाबाईंनी पदर खोचला. "चाल पोरी, साडेचारची एसटी गाठू."

"काकू, पण रोडगे?"

भट्टी सोडून त्या आजवर कधी उठल्या नव्हत्या. "राहू दे त्याईले," म्हणत त्या निघाल्या. फाट्यावर स्वरदाला बसमध्ये बसवलं, कंडक्टरला दोनदा बजावलं आणि परतल्या, तर रोडगे एका अंगानं कोळसा झालेले. अशी फजिती पहिलीच. देवापुढे त्यातल्या त्यात बरा ठेवला.

साडेपाचला पार्टीतल्या करिष्माचा फोन वाजला. स्वरदा घरी पोचली होती.

"काकू, जळके रोडगे खाऊ घालता?" सोहम करपलेलं खरवडत पुटपुटला.

"खाय मुकाट्यानं. तूप घे वरून."

त्यानं तीन खाल्ले. जेवणं झाली तशी सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या उचलल्या, सोहमनं मात्र मागितलीही नाही.

"गाडी सकाळी नेतो, काकू," म्हणत तो गुमान करिष्माच्या स्कूटीवर मागे बसला. कुशलला दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

पंचफुलाबाईंनी टोपल्यात डोकावलं. एकही रोडगा उरला नव्हता.